पहिली शिकारीची रायफल: कोणती घ्यावी आणि सगळं मिळून खर्च किती येतो?

फॉक्सकाठचा_गडी
मंडळी नमस्कार. मी विस्कॉन्सिनात ॲपलटनजवळ राहतो, मूळचा नगर जिल्ह्यातला. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणाचा बंदुकीचा सीझन सुरू होतो, तो नऊ दिवस चालतो आणि त्या नऊ दिवसांत आमच्या प्लँटमधली निम्मी माणसं गायब असतात, मीटिंग ठेवायची कोणाची हिंमत नाही. यंदा शेजारचे म्हातारेबुवा म्हणाले की आमच्या कॅम्पवर ये, जागा आहे, पण रायफल तुझी तू आण. ग्रीनकार्ड झालंय, हंटर एज्युकेशनच्या कोर्सला नाव घातलंय. आयुष्यात एअरगनने जत्रेतले फुगे फोडण्यापलीकडे काही केलेलं नाही.

बजेट एक हजार डॉलर, सगळं धरून. दुकानात गेलो तर तिथल्या पोराने .३०८, सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोर, थर्टी-ऑट-सिक्स, सेव्हन-एमएम-झीरो-एट अशी काडतुसांची नावं इतकी भराभर सांगितली की मी मान डोलावून बाहेर आलो. प्रश्न तीन. कोणतं कॅलिबर (म्हणजे कोणत्या मापाचं काडतूस), कोणती रायफल, आणि नवी की सेकंडहँड? बायकोची अट अशी की घरात आठ वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे आधी कुलूप आणि मग बंदूक.

पोहे_विथ_सॉस
पहिला! हरीण मिळालं की पत्ता टाका, कुकर घेऊन निघतो.

अण्णा_ओहायोवाले
दुकानातल्या पोराचं नंतर बघू, आधी राज्याचा नियम. तुम्ही विस्कॉन्सिनात आहात म्हणून सुटलात, तिथे २०१३ पासून राज्यभर हरणाला रायफल चालते, त्याआधी काही काउंट्यांत फक्त शॉटगन होती. आमच्या ओहायोत तुम्ही सांगितलेल्यांपैकी एकही कॅलिबर हरणाला चालत नाही, इथे सरळ भिंतीचं, बाटलीसारखी मान नसलेलं काडतूसच लागतं, म्हणजे .३५० लेजंड, .४५० बुशमास्टर, .४५-७० वगैरे. मिशिगनच्या दक्षिण भागातही बराच काळ हाच प्रकार. त्यामुळे हा धागा वाचून दुसऱ्या राज्यातला कोणी उठून .३०८ घेऊन येऊ नका, आधी आपल्या राज्याचं त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक उघडा, फुकट असतं.

एडिसनची_सुमन
न्यू जर्सीत तर हरणाला हे असलं रायफल प्रकरणच नाही, शॉटगन, धनुष्यबाण नाहीतर मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक). आणि ती शॉटगन घ्यायच्या आधी पोलिसांकडून फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड काढावं लागतं, बोटांचे ठसे, ओळखीच्या माणसांचे संदर्भ, सगळं. आमच्या ह्यांचा उत्साह फॉर्म बघूनच मावळला, आता ते पिकलबॉल खेळतात.

वडापाव_ऑन_विसा
एक बाळबोध प्रश्न. मी एच-वन-बीवर आहे, मला घेता येते का? एक मित्र म्हणतो अजिबात नाही, दुसरा म्हणतो बिनधास्त घे.

कागदी_वाघ
@वडापाव_ऑन_विसा, दोघेही अर्धवट बोलतायत. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट विसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायला बंदी आहे, पण त्याला अपवाद आहेत आणि त्यातला नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेलं चालू हंटिंग लायसन्स. चालू हा शब्द अधोरेखित करून घ्या. विस्कॉन्सिनचं लायसन्स ३१ मार्चला संपतं, आणि बंदूक तर कपाटात तशीच असते, मग १ एप्रिलला तुम्ही कुठे उभे आहात याचा विचार करा. नूतनीकरणात एक दिवसाचीही फट पडू देऊ नका.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यावरून एफबीआयच्या यंत्रणेत बॅकग्राउंड चेक होतो, बहुतेकांचा काही मिनिटांत निपटतो. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा थेट फेडरल गुन्हा. दोन ठिकाणी आपली मंडळी अडकू शकतात. एक, मित्राला विसामुळे मिळत नाही म्हणून त्याच्या पैशाने आपल्या नावावर घेऊन देणं. करू नका. दुसरं, गांजा. राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल फॉर्मवर नाही, आणि फॉर्ममध्ये ते स्पष्ट विचारलेलं असतं.

ग्रीनकार्डवाल्यांना खरेदीला अडचण नाही, पण बंदुकीसंबंधी गुन्हा शाबीत झाला तर ग्रीनकार्ड असूनही देशाबाहेर काढू शकतात. सिटिझन शेजारी दंड भरून सुटेल तिथे तुमचं बस्तान उठेल. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, इथल्या अण्णांना नको.

अण्णा_ओहायोवाले
माझं नाव कशाला मध्ये 😀 पण बरोबर आहे.

थंडीतला_कोकण्या
मिनेसोटातून लिहितोय, डुलूथच्या वरच्या अंगाला. बरेच सीझन झाले. मूळ प्रश्न बजेटचा आहे आणि त्यावर माझं मत जरा उलटं आहे, हजार डॉलरमधले सहाशे रायफलवर गेले की तुम्ही फसलात म्हणून समजा.

माझ्या अंदाजाने असं पडतं बघा. सॅव्हेज ॲक्सिस किंवा मॉसबर्ग पेट्रियट यांचे स्कोपसकटचे (म्हणजे वर नेम धरायची दुर्बीण बसवलेले) कॉम्बो साडेचारशे-पाचशेच्या घरात मिळतात. रुगर अमेरिकन स्कोपशिवाय साधारण तेवढ्यालाच किंवा थोडी वर. टिक्का टी-थ्री-एक्स ही फिनलंडची, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा) लोण्यासारखा सरकतो, पण आठशेच्या आसपास जाते आणि स्कोप वेगळा. कॉम्बोवरचे स्कोप बहुतेक कामचलाऊच. उजेडात दुकानात सगळं छान दिसतं, पण हरीण निघतं पहाटे नाहीतर दिवेलागणीला आणि तेव्हा त्या स्कोपमधून झाड कुठलं आणि पाठ कुठली कळत नाही. म्हणून मी सांगेन की स्वस्त रायफल घ्या आणि स्कोप दोनशे-अडीचशेचा घ्या. थ्री-टू-नाइन बाय फॉर्टी, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच चाळीस मिलिमीटरची, आत नेमाची साधी ड्युप्लेक्स फुली. व्हॉर्टेक्स, लुपोल्ड, बर्रिस, कुठलाही. वर स्कोप रायफलीवर बसवायच्या रिंग-बेसचे चाळीस-पन्नास धरा, ते लोक विसरतात आणि मग घरी येऊन स्कोप हातात धरून बसतात.

गोळ्या. वीसचा डबा हल्ली तीस ते चाळीस डॉलर, ब्रँडवर आहे. एक डबा आणून भागणार नाही. झीरो करायला, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी लागते ती जागा जुळवायला, अर्धा डबा जातो, त्यानंतर बसून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूने असा सराव हवा. निदान चार-पाच डबे धरा. कानाला मफ आणि आत इअरप्लग, रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, एका बारात कायमचं नुकसान होऊ शकतं. डोळ्याला चष्मा. स्लिंग, म्हणजे खांद्याला अडकवायचा पट्टा. केशरी जॅकेट आणि टोपी. तुमच्याकडे कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांपैकी निदान अर्धा भाग भडक केशरी किंवा भडक गुलाबी असावा लागतो, गुलाबी २०१६ पासून चालतो.

आणि बूट! रायफल शेजाऱ्याची उसनी चालेल पण बूट नाही. शून्याखाली पंधरा सेल्सिअसला मचाणावर चार तास बसून बघा, सगळं बॅलिस्टिक्स विसरायला होतं. पाय बधिर झाले की माणूस हलतो, हलला की हरीण गेलं. दीडशे-दोनशे डॉलर तिकडे ठेवा.

बेरीज हजाराच्या वर जाते हे मला माहिती आहे. पण सगळं एकदम घ्यायला कुठे सांगितलंय, जूनपासून घेत गेलात तर कळतही नाही.

थर्टीऑटसिक्स_काका
वरचा सगळा हिशोब बरोबर, फक्त कॅलिबरचा मुद्दा राहिला. उत्तर एकच, थर्टी-ऑट-सिक्स. १९०६ चं काडतूस आहे, दोन महायुद्धं पाहिलेलं. हरीण, अस्वल, एल्क, मूस, सगळं होतं आणि अमेरिकेच्या कुठल्याही खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ही क्रीडमोर वगैरे २००७ ची कालची पोरं आहेत.

क्रीडमोरचा_भक्त
काका, मग १९०६ ची मोटारगाडीही वापरा की. सिक्स-पॉइंट-फाइव्हचा खांद्याला बसणारा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या निम्म्याच्या जरा वर, लांबवर गोळी वाऱ्याला कमी वाहते आणि नवशिक्याला ओळीने चांगले बार बसले की आत्मविश्वास येतो.

थर्टीऑटसिक्स_काका
लांबवर म्हणजे किती? विस्कॉन्सिनच्या झाडीत ऐंशी यार्डांपलीकडे दिसतं का काही? तिथे वारा कुणाला मोजायचाय.

क्रीडमोरचा_भक्त
मग ऐंशी यार्डांसाठी एल्क मारायचं काडतूस तरी कशाला?

थंडीतला_कोकण्या
दर वर्षी हेच भांडण, फक्त धागा वेगळा. ऐंशी यार्डांवर हरणाला काही कळत नाही की गोळी कोणत्या सालची आहे. .२४३, .२७०, .३०८, सेव्हन-एमएम-झीरो-एट, सगळ्यांनी काम होतं. माझे सासरे जुन्या मार्लिन ३३६ ने थर्टी-थर्टी मारतात, ते काडतूस १८९५ चं आहे, आणि त्यांचा फ्रीझर दर वर्षी भरलेला असतो.

मॅडिसनची_मृणाल
कॅलिबरच्या आधी माप बघा हो कोणीतरी! मी पाच फूट दोन. नवऱ्याच्या रायफलीवर शिकायला गेले तर गाल स्टॉकला (खांद्याला लावायच्या दस्त्याला) टेकेना, स्कोपमध्ये काळी चंद्रकोर दिसायची, मान ताणून बघायचे. मला वाटायचं मला जमत नाही. रेंजवरच्या एका आजीबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या की बंदूक तुझी नाहीये. साधारण रायफलीचा स्टॉक ट्रिगरपासून मागच्या पॅडपर्यंत साडेतेरा इंच किंवा थोडा जास्त असतो, कॉम्पॅक्ट मॉडेलचा साडेबाराच्या आसपास. काहींना मध्ये घालायचे स्पेसर येतात. आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांनाही कॉम्पॅक्ट बरी बसेल, पण दुकानात ‘यूथ’ लिहिलेलं असतं म्हणून कोणी हात लावत नाही.

दुकानात काउंटरवाल्याला विचारून, रिकामी आहे हे त्याने आणि तुम्ही दोघांनी बघून, डोळे मिटून खांद्याला लावा. मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला पाहिजे, मान हलवायला न लागता. आणि हे जाड जॅकेट घालून करा, टीशर्टवर नाही, कारण नोव्हेंबरात अंगावर तीन थर असतात आणि तेव्हा तीच रायफल इंचभर लांब वाटते.

अजून एक, तुमचा प्रबळ डोळा कोणता ते तपासा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, लांबची वस्तू त्यात धरायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ. मी उजव्या हाताने लिहिते पण डोळा डावा निघाला, म्हणून डावखुऱ्या बोल्टची घेतली. धक्क्याचं म्हणाल तर .२४३ चा थर्टी-ऑट-सिक्सच्या निम्मा. धक्क्याची धास्ती एकदा बसली की ट्रिगर ओढायच्या आधीच डोळा मिटतो आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो. काका रागावू नका.

थर्टीऑटसिक्स_काका
छे, ताई, उलट माझ्या मुलीलाही .२४३ च दिली आहे. पण हे इथे लिहायचं नव्हतं.

पोहे_विथ_सॉस
काका पकडले गेले 😂

शुद्ध_तूप
सगळ्यांची माफी मागून विचारतो. आपण शेवग्याच्या शेंगा निवडून घेणारी माणसं, तिकडे जाऊन हरणं मारायची काय गरज पडलीये? कॉस्टकोत चिकन मिळत नाही का? इथल्या मित्रांत मिसळायला म्हणून एखाद्या जिवावर उठायचं, पटत नाही.

थंडीतला_कोकण्या
@शुद्ध_तूप, प्रश्न रास्त आहे पण कॉस्टकोचं चिकन आत्महत्या करून तिथे आलेलं नसतं. इथे लांडगे सोडले तर हरणांना मारणारं फारसं कोणी उरलेलं नाही, मक्याच्या शेतांवर पोसलेली हरणं रस्त्यावर येतात आणि गाडीखाली मरतात, तीही हालहाल होऊन. मी स्वतः वर्षातून एकच मारतो आणि वर्षभर घरात दुसरं लाल मांस येत नाही. शिवाय तुमच्या आवडत्या जंगल-ट्रेलचा खर्च कोण देतं बघा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि गोळ्यांवर ११ टक्के कर आहे, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो.

शुद्ध_तूप
कराची माहिती नव्हती. तरी मला जमणार नाही.

थंडीतला_कोकण्या
नाही जमलं तरी चालतं की. ज्याला जमत नाही त्याने जाऊच नये, अर्धवट मनाने सोडलेली गोळी जनावराला जखमी करते आणि मग रात्रभर बॅटरी घेऊन रक्ताचा माग काढत फिरावं लागतं.

कृष्णाकाठचा_पाटील
तुमचं वाचून मजा वाटली. आमच्याकडे रात्रीत रानडुकरं भुईमूग उकरून जातात आणि आम्ही डबे वाजवतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंदच, डुकराचं नुकसान असलं तर वनखात्याकडे अर्ज करायचा, परवानगी येईपर्यंत पीक काढून झालेलं असतं. बंदुकीचं लायसन्स हा वेगळा वनवास. आजोबांकडे .३१५ होती, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची आणि नंतर आणायची, शेवटी वडिलांनी कंटाळून कायमची जमा केली. तुम्ही वीस मिनिटांत फॉर्म भरून घरी आणता म्हणजे कमालच.

करवीरची_लेक
पाटील, पण नेमबाजीत कोल्हापूर पुढेच हं! तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. शिकारीचं म्हणाल तर आमच्या संस्थानात चित्ते पाळून काळविटांवर सोडत असत, चित्तेवान घराणी होती त्यासाठी. आता काळवीट म्हटलं की लोकांना एकदम जोधपूर आठवतं.

वडापाव_ऑन_विसा
हाहा जोधपूर. बरं, विषयावर येऊ. @कागदी_वाघ धन्यवाद, मी सध्या रेंजवर भाड्याने घेऊन शिकतो, म्हणजे कपाटाचा प्रश्नच नको. चालेल ना?

कागदी_वाघ
भाड्याने घेतली तरी हातात आलीच की, कायद्यात ‘जवळ असणं’ त्यालाही लागू. आधी हंटिंग लायसन्स काढा, मग रेंजवर जा. आणि बऱ्याच राज्यांत लायसन्सला आधी हंटर एज्युकेशन लागतं, विस्कॉन्सिनात १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. कोर्स स्वस्त आहे, करून टाका.

गंजका_बोल्ट
सेकंडहँडचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. मी जवळजवळ सगळ्या जुन्याच घेतल्यात. रायफल सहसा झिजून मरत नाही, गंजून मरते. शिकारीची रायफल वर्षाला एक डबा मारते, नळी आयुष्यभर पुरते. म्हणजे चारशे-पाचशेला विंचेस्टर मॉडेल ७० नाही मिळाली तरी जुनी सॅव्हेज ११०, हाउवा असलं काहीतरी स्कोपसकट मिळून जातं.

बघायचं काय? बोल्ट काढून नळीत उजेड टाका, आतल्या वळ्या धारदार आणि चकचकीत दिसल्या पाहिजेत, काळे खड्डे नकोत. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नको, तिथे खाच असेल तर नेम विस्कटतो. स्टॉक आणि धातूचा सांधा जिथे येतो तिथे खालून बघा, ओल तिथेच साचते. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी घरी उघडून बसलेला आहे. ट्रिगर रिकाम्या रायफलीवर तपासा, सेफ्टी लावून ओढा, मग सेफ्टी काढा, काढताक्षणी खटका पडता कामा नये. रेमिंग्टन ७०० दिसली तर सीरियल नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका, एक्स-मार्क-प्रो ट्रिगरवाल्या २०१४ मध्ये कंपनीने परत बोलावल्या होत्या, आणि त्याच्या आधीच्या ट्रिगरवरही खटला होऊन तडजोड झाली. दुरुस्ती झालेली असेल तर उत्तम रायफल आहे.

आणि अनोळखी माणसाकडून पार्किंगमध्ये घेऊ नका. तुमच्या राज्यात खाजगी विक्रीला चेक बंधनकारक नाही, तरी दुकानात जाऊन त्यांच्यामार्फत व्यवहार करा, पंचवीस-पन्नास डॉलर घेतात. चोरीची निघाली तर काय कराल?

फॉक्सकाठचा_गडी
अरे वा, दोन दिवस बघितलं नाही तर धागा कुठच्या कुठे गेला. सगळ्यांचे आभार. मृणालताई, तुमचं वाचून जॅकेट घेऊन दुकानात गेलो, जुलै महिन्यात. लोक बघत होते. मी पाच-पाच आहे आणि खरंच कॉम्पॅक्ट बरी बसली. कुलपाचं काय करू, तिजोरी हजाराची बघितली आणि घाम फुटला.

मॅडिसनची_मृणाल
हजाराची तिजोरी नको सुरुवातीला. दोन-तीन रायफली मावतील असं पत्र्याचं कुलूपबंद कपाट दीडशे-दोनशेला मिळतं, ते मागून भिंतीतल्या लाकडी उभ्याला बोल्टने ठोका. नव्या रायफलीच्या डब्यात बहुतेक केबल लॉक येतं, बोल्ट काढून ते आतून ओवून लावायचं. गोळ्या वेगळ्या खोलीत वेगळ्या कुलपात. किल्ली मुलाला माहीत असलेल्या ड्रॉवरमध्ये नको, मुलांना सगळे ड्रॉवर माहीत असतात. विस्कॉन्सिनात चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो.

आणि मुलाला दाखवा, सगळं उघडून, तुमच्यासमोर. लपवलं की कुतूहल वाढतं.

गंजका_बोल्ट
कपाटात ओल शोषणारा एक सिलिकाचा डबा टाका. आणि कॅम्पवर थंडीतून आल्यावर रायफल तापलेल्या खोलीत आणू नका, क्षणात घाम धरते, आतून गंजते. गाडीत नाहीतर पडवीत कुलपात राहू दे, रिकामी. घरी न्यायची तर केसमध्ये बंद ठेवूनच आत आणा आणि तास-दोन तास उघडू नका.

कागदी_वाघ
एक महत्त्वाचं राहिलं, भारतात जाणाऱ्यांसाठी. रेंजवर किंवा शिकारीला वापरलेली बॅग, जॅकेट, पँट यातलं काहीही भारतात नेऊ नका. अस्तरात एखादी गोळी अडकून राहते आणि मुंबई-दिल्लीच्या एक्सरेमध्ये निघते. मग आर्म्स ॲक्टखाली गुन्हा, विमान चुकतं, पासपोर्ट अडकतो. कोर्टं बऱ्याचदा ‘जाणूनबुजून बाळगलेली नाही’ म्हणून गुन्हा रद्द करतात, पण तोवर सुट्टी संपलेली असते आणि वकिलाची फी रायफलीच्या कितीतरी पट झालेली असते. शिकारीची बॅग वेगळी, भडक रंगाची, तिच्यावर मार्करने लिहा.

एडिसनची_सुमन
हे फारच कामाचं. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले पिकलबॉलच्या बॅगेत असलं काही नसतं.

पोहे_विथ_सॉस
मंडळी, मूळ मुद्दा. हरणाचं मटण कसं करायचं?

थंडीतला_कोकण्या
आलास का कुकर घेऊन. ऐक. चरबी सगळी काढून टाकायची, हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते. पांढरा पापुद्रा असतो तोही सुरीने सोलून काढायचा. पाठीचा लांब तुकडा कुकरमध्ये घालायचा नाही, तो तव्यावर, हळद-मीठ-आलं-लसूण लावून, दोन्हीकडून झटपट. खांदा आणि पाय कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, शिट्ट्या बोकडापेक्षा जास्त. तेल सढळ, कारण मांसात स्वतःचं काहीच नाही. खिमा करायचा तर खाटीक तिथे डुकराची चरबी मिसळायची का विचारतो, नको असेल तर आधी सांगायचं. कापून-पॅक करून घ्यायला शंभर-दीडशे डॉलर घेतात, हेही बजेटमध्ये धरा.

आणि तपासणी करा. सीडब्ल्यूडी नावाचा हरणांचा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनात २००२ पासून आहे, नमुना दिला की राज्य फुकट तपासून देतं. निकाल येईपर्यंत फ्रीझरमध्ये, पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही. विकायचं तर कधीच नाही, रानटी जनावराचं मांस विकणं गुन्हा. त्यामुळे पोहेसाहेब, फुकटच मिळेल.

क्रीडमोरचा_भक्त
शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात, घरात लहान मूल आहे तर तांब्याची गोळी बघा. डबा दहा-पंधरा डॉलर महाग. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिसं बंदच आहे.

थर्टीऑटसिक्स_काका
यावर मात्र मी भक्ताशी सहमत. नोंद करून ठेवा.

फॉक्सकाठचा_गडी
ठरलं एकदाचं. म्हातारेबुवांच्या कॅम्पवर चौघांपैकी तिघांकडे .३०८ आहे, माझ्या गोळ्या संपल्या किंवा घरी राहिल्या तर कोणाच्याही चालतील, म्हणून कॅलिबर तेच. रुगर अमेरिकनची कॉम्पॅक्ट, नवी, कारण सेकंडहँडमध्ये माझ्या मापाची कुठे दिसली नाही. स्कोप थ्री-टू-नाइन, अडीचशेच्या आतला. कपाट पुढच्या आठवड्यात येतंय, ते भिंतीला ठोकल्यावरच रायफल आणायची असं घरात ठरलंय. बूट सेलमध्ये मिळाले. लायसन्सचा खर्च सगळ्यात कमी, विस्कॉन्सिनच्या रहिवाशाला २४ डॉलर आणि पहिल्यांदाच घेत असलात तर पाचच. एकूण आकडा तेराशेवर गेलाय, बायकोला हजार सांगितलं होतं, ती हा धागा वाचते आहे त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. तिनेही कोर्सला नाव घातलंय, म्हणते नुसतं कुलूप लावून भागत नाही, उघडता आणि रिकामी करता मलाही आली पाहिजे.

आता एक शेवटचं, झीरो किती यार्डांवर करू?

थंडीतला_कोकण्या
वहिनींना सलाम.
आधी पंचवीस यार्डांवर कागदावर आण, मग शंभरवर. तीन-तीन बार मारायचे, एकेकावर स्कोप फिरवत बसायचं नाही, तिघांचा मधला बिंदू बघून फिरवायचा. स्कोपच्या चकतीचे चार क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच. मध्ये नळी गार होऊ द्यायची. भुवईपासून स्कोप तीन-साडेतीन इंच लांब ठेव, नाहीतर धक्क्याने थेट कपाळावर चंद्रकोर उमटते, आमच्या कॅम्पवर दर वर्षी एखाद्याचा असा साखरपुडा होतो. आणि मचाण असेल तर हार्नेस घाल, झाडावरून पडून मोडणारे लोक दर वर्षी असतात.

गंजका_बोल्ट
गोळ्या आत्ताच घेऊन ठेव, एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या, आणि ज्यांनी झीरो केलंस त्याच शिकारीला ने. ऑक्टोबरात दुकानात जाशील तर .३०८ चं तुला हवं ते वजन सोडून बाकी सगळं असेल.

पोहे_विथ_सॉस
ॲपलटनला शिकागोहून बस आहे का हो?